दुसरी वायर

मंगळवार, ८ मार्च

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वायरवाला काम अर्धवट टाकून निघून गेला. वेळ घड्याळात पाहून लिहिते आहे, अंदाजाने नाही. अन्याय झाला की आधी तारीख आणि वेळ लिहायची, रागवायचं नंतर, हे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं आणि टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर एकतीस वर्षं मी तेच पाळलं.

प्रकार असा. चोवीस तारखेला धाकट्याच्या घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढून टाकणार. त्यानंतर माझा भाऊ बोलू शकणार नाही. डॉक्टरांनी एका कंपनीचा पत्ता दिला आहे. आपल्या आवाजात सोळाशे वाक्यं वाचून पाठवली की ते त्यावरून एक यंत्र करून देतात. माणसाने टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्याच आवाजात बोलायचं. धाकटा तीन तारखेपासून मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून बसतो आणि वाचतो. "उद्या दुकान बंद आहे." "माझा चष्मा कुठे ठेवलास?" "मला थंडी वाजते आहे." आज दुपारपर्यंत चारशे बारा झाली.

हे सगळं जाऊन पडतं त्याच्या मुलीच्या सर्व्हरमध्ये. माझी पुतणी लोकांची लग्नं आणि जाहिराती कापून जोडून देते. धंदा घरातच, वरच्या खोलीत. सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या कपाटातला काळा खोका, त्यात तिची सगळी कमाई साठवलेली. धाकट्याच्या जुन्या कंप्युटरमध्ये जागा उरलेली नाही, म्हणून त्याचा आवाजही थेट त्याच खोक्यात. पण वर पुतणीने एखादं लग्न उघडलं की खाली याचं वाक्य अडखळायचं. दोघंही एकाच वायरीतून ये-जा करतात म्हणे. म्हणून वायरवाला बोलावला.

चाळिशी ओलांडलेला माणूस. आल्या आल्या मला "मावशी" म्हणाला.

"मी कुणाची मावशी नाही," मी म्हटलं. "मला बहीण नाही."

"बरं मॅडम," म्हणाला आणि कपाटात शिरला. सर्व्हरच्या पाठीला दोन पोर्ट आहेत, तुम्ही एकच वापरताय, असं त्याने सांगितलं. दोन्हींना वायर लावून दोन्ही एकत्र बांधायच्या. त्याने एकट्याचा वेग वाढत नाही, पण दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत, आणि एक वायर निसटली तरी दुसरीवर काम चालू राहतं. इथपर्यंत ठीक. सर्व्हरमध्ये त्याने तशी जोडणी करून दिली. मग दुसऱ्या वायरीचं एक टोक सर्व्हरला लावलं आणि दुसरं टोक तसंच लोंबतं ठेवून उठला.

"हे काय?"

"समोरचा स्विच साधा आहे, मॅडम." घरातल्या सगळ्या वायरी ज्या डबीत येऊन मिळतात तिला तो स्विच म्हणतो, बटण एकही नाही. "या दोन वायरी मिळून एकच आहेत, हे त्याला कळत नाही. तो गोंधळेल. थोडा मजकूर इकडे, थोडा तिकडे, आणि मधला गायब. उद्या अकराला समजणारा स्विच घेऊन येतो. तोवर एकीवर नीट चालेल. ही दुसरी मात्र लावू नका."

लोंबत्या टोकाला त्याने चिकटपट्टी गुंडाळली आणि कानामागची पेन्सिल काढून तिच्यावर लिहिलं: लावू नये. अक्षर वाईट.

आणखी एक खोका आमच्या गळ्यात मारायचा, यापलीकडे यात काही नाही. एक्स्चेंजमध्ये दोन फोन जोडणारी दोरी बोर्डावरून लोंबती दिसली की मी तिथल्या मुलीला उभं करायचे. लोंबती दोरी म्हणजे कुणाचं तरी बोलणं अर्ध्यात तुटलेलं. माझ्या पाळीत अशी दोरी एक मिनिटसुद्धा राहिली नाही.

चार पस्तीसला मी पट्टी सोलून काढली आणि वायर स्विचमधल्या मोकळ्या जागी बसवली. कट्ट असा आवाज आला. दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. आणि एवढ्यालाच हे लोक शिक्षण म्हणतात.


बुधवार, ९ मार्च

वायरवाला अकराला आला नाही.

अकरा चाळीसला घंटी वाजली. मी साखळी न काढता दार उघडलं. घामाने निथळत होता, काखेत पुठ्ठ्याचं खोकं.

"सॉरी मॅडम, दुकानात हा स्विच नव्हता, दुसऱ्या टोकाला जाऊन आणला."

"तुम्ही अकराची वेळ दिली होती."

"हो, पण पाचच मिनिटांचं काम—"

"काम कालच झालं. तुमच्याशिवाय झालं."

"म्हणजे? मॅडम, तुम्ही ती वायर—"

मी दार लावलं. त्याने आणखी दोनदा घंटी वाजवली. मग बाहेरच्या पायऱ्यांवरून पावलं उतरत गेल्याचं ऐकू आलं. चाळीस मिनिटं म्हणजे काय, हे त्याला एकदा तरी कुणीतरी शिकवायला हवं होतं.

दुपारी धाकट्याने विचारलं, "ताई, तो माणूस आला का गं?"

"अकराला आला नाही," मी म्हटलं. मी खोटं बोलत नाही. कधीच बोलले नाही.


गुरुवार, १० मार्च

पुतणीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. सातवा महिना. जावई येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला. जाताना तिचं एकच पालुपद: "आत्या, बाबांचं रोजचं रेकॉर्डिंग मी ऐकत होते, कालचं राहिलं. आता कुणीतरी ऐकायला हवं. एकही वाक्य तुटलेलं गेलं तर कंपनी घेत नाही."

धाकटा स्वतः ऐकत नाही. स्वतःचा आवाज ऐकला की त्याला रडू येतं आणि मग उरलेली वाक्यं ओली होतात, असं म्हणतो. विनोद करायची त्याची ही पद्धत.

"ताई ऐकेल," तो म्हणाला. "तिचे कान एक्स्चेंजचे आहेत. दोन गावांपलीकडचा उसासा ओळखायची."

खरं आहे ते. मी ताव आखून तयार केले. क्रमांक, वाक्य, बरोबर, चूक.


शुक्रवार, ११ मार्च

काल आणि आज मिळून एकशे सत्तर वाक्यं ऐकली. ऐकताना शब्द गळत होते. "माझा च... कुठे ठेव..." असं. मध्येच काहीच नाही, मग पुढचं. हेडफोन उलटा करून डाव्याचा उजव्या कानावर घेतला. तेच.

डाव्या कानाचं मला दोन वर्षांपासून माहीत होतं. आता उजवाही गेला. कुणाला सांगायचं कारण नाही. कंप्युटरच्या यादीत प्रत्येक वाक्याचं नाव जागच्या जागी आहे, प्रत्येकासमोर त्याची सेकंदं बरोबर आहेत. म्हणजे वाक्यं पूर्ण आहेत, कान पूर्ण नाहीत.

एकशे सत्तर वेळा "बरोबर"खाली खूण केली.

जेवताना धाकटा म्हणाला, "कसं येतंय गं?"

"स्वच्छ," मी म्हटलं. "'र' जरा जड काढतोस. लहानपणापासूनचं आहे."

खूष झाला.


रविवार, १३ मार्च

आज वाक्यं कमी झाली. घसा दुखत होता. गरम पाणी घेऊन बसला आणि नको तिथे पोचला.

"ताई, आता सांगून टाक. तेव्हा लाइन खरंच बिघडली होती?"

"कुठली लाइन?"

"पस्तीस वर्षांपूर्वीची. तुला कळतंय कुठली."

"होती," मी म्हटलं.

तो हसला. "तू ज्याचा फोन जोडायचा नाही असं ठरवलंस, तो कधीच लागला नाही."

इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझी आहे. एक मुलगी परगावाहून तीन दिवस त्याला फोन करत होती. फोन आमच्या शेजाऱ्यांकडे, आणि तिन्ही दिवस बोर्डावर माझी पाळी. तिन्ही दिवस मी तिला सांगितलं, लाइन बंद आहे. चौथ्या दिवशी तिने केला नाही. ती त्याच्या योग्यतेची नव्हती. पुढे त्याचं चांगलं लग्न झालं, बायको गेली तोवर सुखात होता, मुलगी झाली. मी केलं नसतं तर यातलं काही झालं असतं का? कर्तव्य केल्याबद्दल माणसाने किती वर्षं उत्तरं द्यायची?


बुधवार, १६ मार्च

भाजी आणायला जाते असं सांगून कानाच्या डॉक्टरकडे गेले. काचेच्या पेटीत बसवलं, कानात शिट्ट्या वाजवल्या.

"डाव्यात थोडी घट आहे," म्हणाला. "उजवा तर फारच छान. या वयात असे कान मी कमी पाहिलेत."

"मला शब्द गळल्यासारखे ऐकू येतात."

"सगळीकडे?"

"हेडफोनमध्ये."

"मग हेडफोन बदलून पाहा, आजी."

आजी! हा मुलांचे कान धुणारा माणूस मला आजी म्हणतो. बोर्डावर मी सहाशे आवाज नुसत्या "हॅलो"वरून ओळखायचे, आणि माझे कान ठीक आहेत हे हा मला सांगणार. मूर्ख आहे. भाजी न घेताच परत आले. धाकट्याने विचारलं तर भाजी चांगली नव्हती असं सांगितलं, आणि नव्हतीच चांगली.


सोमवार, २१ मार्च

चौदाशे नव्वद. शाबास.

मध्ये चार दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. तो वाचतो, मी खुणा करते. गळणं तसंच आहे. आता मला सवय झाली आहे. जिथे गळतं तिथे मी मनातल्या मनात भरून घेते.

आजपासून त्याने मध्ये मध्ये दुसरंच काही सुरू केलं आहे. येणाऱ्या बाळासाठी गोष्टी. आठ गोष्टी सांगणार आहे म्हणे. ससा, कोल्हा, आगाऊ चिमणी. दारातून ऐकलं, कोल्ह्याचा आवाज काढताना त्याला ठसका लागला, पाणी प्यायला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आजोबाचा आवाज कसा होता, हे त्याला कळायला हवं ना," मला पाहून म्हणाला. "यंत्र वाक्यं बोलेल गं. कोल्हा कुठून करेल?"

मी म्हटलं, "घसा जप. कोल्ह्यापायी वाक्यं राहून जातील."


बुधवार, २३ मार्च

सोळाशे पूर्ण. ताव मी सुतळीने बांधले. सोळाशे खुणा, एकही चूक नाही.

संध्याकाळी तो पुन्हा खोलीत गेला आणि दार आतून लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "शेवटचं एक तुझ्यासाठी ठेवलंय. 'ताईसाठी' असं नाव दिलंय. आत्ता ऐकू नकोस. मी बोलायचा थांबलो की ऐक."

"तू बोलायचा थांबणार नाहीस. यंत्र येतंय."

"तरी," म्हणाला.

मग उशिरापर्यंत काहीबाही बोलत बसला. मीच म्हटलं, झोप आता, सकाळी लवकर जायचंय. हे त्याचं शेवटचं बोलणं असेल, असं तेव्हा डोक्यात आलं नाही. शेवटचं वाक्य होतं, "दिवा मालव."


सोमवार, ४ एप्रिल

घरी आणलं. गळ्याला भोक, त्यावर जाळी. पांढरी पाटी आणि शाईची पेनं विकत आणली. पहिलं वाक्य लिहिलं: चहा. दुसरं: कंपनीचं पत्र?

अजून नाही.


बुधवार, ६ एप्रिल

पत्र आलं. शब्दशः उतरवते. "आपल्या सोळाशे ध्वनिमुद्रणांपैकी पहिली चारशे बारा वापरण्याजोगी आहेत. उरलेल्या एक हजार एकशे अठ्ठ्याऐंशींमध्ये मुद्रण होतानाच ठिकठिकाणी मजकूर गहाळ झालेला असून त्या जागी शांतता आहे. कृपया ती पुन्हा मुद्रित करून पाठवावीत."

पुन्हा!

धाकट्याने पत्र दोनदा वाचलं. मग पाटीवर लिहिलं: गोष्टी? पुतणीने तिच्या घरून सर्व्हर उघडून पाहिलं. दोन तास फोन नाही. मग आला.

"आत्या, गोष्टींचंही तसंच. सशाचं नावसुद्धा धड नाही. नऊ तारखेपासूनचं सगळं फाटलंय." रडत होती. "तू ऐकत होतीस ना? कंपनीत कुणा अनोळखी माणसाला पहिल्या वाक्यात कळलं!"

"रडू नकोस, बाळाला बाधतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

गुन्हेगार कोण, ते उघड आहे. आठ तारखेला काम अर्धवट टाकून गेला तो. वायरवाल्याच्या दुकानमालकाला चार पानी पत्र लिहिलं. तारखा, वेळा, सगळं. नोंदणीकृत टपालाने पाठवलं.


मंगळवार, १२ एप्रिल

मालकाचं उत्तर आलं. संबंधित माणसाला कामावरून काढून टाकलं आहे, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत. अकरा वर्षं नोकरीत होता म्हणे. अकरा वर्षं अशीच कामं केली असतील.

पत्र धाकट्याला दाखवलं. त्याने वाचून उलटं ठेवलं. वाटलं होतं, बरं वाटेल त्याला.


शुक्रवार, १५ एप्रिल

सकाळी दहाला घंटी. वायरवाला. हातात कागद. मी दार लावणार तेवढ्यात मागून धाकट्याने साखळी काढली.

"साहेब, माझी नोकरी मॅडमच्या पत्राने गेली," तो उभ्यानेच म्हणाला. "ती मागायला आलो नाही. फक्त हे तुम्हाला दाखवायचं होतं. ताईंकडून सर्व्हरमधली नोंद काढून घेतली."

ताई म्हणजे पुतणी. तिने याला परस्पर सर्व्हर उघडून दिला! माझ्या मागे!

कागदावर एका ओळीखाली त्याने रेघ मारली होती. आठ मार्च, चार पस्तीस: दुसरी वायर जोडली गेली. "मी चार दहाला निघालो. वायर लावू नका असं सांगून, वर लिहून निघालो. दुसऱ्या दिवशी स्विच घेऊन आलो. अकरा चाळीस झाले होते, माझं चुकलं. मॅडमनी आत घेतलं नाही."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं.

"चार पस्तीस बरोबर आहे," मी म्हटलं. "माझ्या वहीतही चार पस्तीसच आहे. म्हणजे माझं घड्याळ बरोबर चालतं, हे यंत्रानेच मान्य केलं."

मग वायरवाला धाकट्याला म्हणाला, "पण साहेब, एक चूक माझी. ती वायर मी काढून खिशात घालून न्यायला हवी होती. लोंबती ठेवायला नको होती. रोज तेच डोक्यात येतं."

"ऐकलंस?" मी म्हटलं. "कबुली! त्याच्याच तोंडची! हे मी मालकाला कळवणार."

वायरवाल्याने कागद टेबलावर ठेवला, धाकट्याला नमस्कार केला आणि गेला. मला केला नाही.


शनिवार, १६ एप्रिल

सगळं जसं झालं तसं लिहिते.

त्याने पाटीवर लिहिलं: वायर तू लावलीस?

"हो."

तो आला होता?

"अकराला नाही."

त्याने डोळे मिटले, उघडले. पुसलं. लिहिलं: शब्द तुटत होते. ऐकू आलं नाही?

"आलं ऐकू," मी म्हटलं. "मला वाटलं माझे कान गेले."

आता यात हसण्यासारखं काय होतं? पण तो हसला. आवाज न होता माणूस हसतो ते बघवत नाही. खांदे हलतात आणि गळ्यातल्या भोकातून हवा येते. मग लिहिलं: सांगायचं होतंस.

"का म्हणून? बहिरी झाले म्हणून तुम्हाला सांगू? एक्स्चेंजची सुपरवायझर बहिरी झाली म्हणून? तू तरी स्वतः एकदा ऐकायचं होतंस! रडू येतं म्हणे! एवढा साठीचा घोडा आणि रडू येतं!"

त्याने पाटी गुडघ्यावर घेतली आणि बराच वेळ लिहीत राहिला. पाटी भरली. मी चष्मा काढला, लावला, तेवढ्यात त्याने हाताच्या बाहीने सगळं पुसलं. पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर आज दिवसभर माझ्यासाठी काही लिहिलेलं नाही. मोलकरणीसाठी लिहिलं: पाणी.


सोमवार, १८ एप्रिल

जावई येऊन त्याला घेऊन गेला. दोन बॅगा, पाटी, औषधं. रविवारी पुतणीच्या सर्व्हरसाठी माणूस येणार आहे. माणूस म्हणजे कोण, हे विचारल्यावर जावयाने मान खाली घातली. वायरवालाच. पुतणीने त्याला आपल्या कामाला ठेवलंय.

"किती दिवसांसाठी नेतोयस?" मी विचारलं.

"बाबा म्हणाले नाहीत."

"म्हणाले नाहीत म्हणजे?"

"आत्या," जावई म्हणाला, "बाबा काही म्हणू शकत नाहीत."

धाकट्याने निघताना जिन्याखालचं कपाट उघडलं आणि दुसरी वायर स्विचमधून काढून सोडून दिली. मला दाखवून. लोंबते आहे.


मंगळवार, १९ एप्रिल

पाणी खात्याच्या तक्रार विभागाला फोन लावला. धाकटा तिथे नोकरीत असताना खात्याने त्याच्याकडून चार वाक्यं म्हणून घेतली होती, आवाज बरा म्हणून. अजून तीच आहेत. "नमस्कार. आपला फोन रांगेत आहे. कृपया थांबा. लवकरच जोडून देत आहोत." 'र' जड आहे.

अठरा मिनिटं थांबले. मग एक मुलगी आली आणि म्हणाली, बोला, काय तक्रार आहे?

पाणी येत होतं. तक्रार काही नव्हती. तिला म्हटलं, फोन उचलायला अठरा मिनिटं लागतात हीच तक्रार आहे, आणि ठेवला.


बुधवार, २० एप्रिल

त्याच्या जुन्या कंप्युटरवर "ताईसाठी" उघडलं. बोलायचा थांबला की ऐक, म्हणाला होता. दोन मिनिटं नऊ सेकंदं. अकरा वेळा ऐकलं. हेडफोन बदलून ऐकलं. जवळपास काही नाही. जेवढं आहे तेवढं आणि मधल्या रिकाम्या जागेची सेकंदं अशी:

"ताई, तुला समोर सांगायचं धाडस..." (सहा) "...त्या तीन दिवसांचं मला पहिल्यापासून माहीत..." (चौदा) "...तिनेच नंतर पत्र लिहून..." (एकोणीस) "...राग यायचा. इतका राग यायचा की..." (एकतीस) "...आईनंतर तूच..." (नऊ) "...म्हणून आज ठरवलं की तुला..." (बावीस) "...एवढंच. आता..." (चार) "...मालव."

बाकी शांतता.

पुतणीला फोन केला. धाकट्याला विचार म्हटलं, "ठरवलं की तुला"च्या पुढे काय आहे. तिने विचारलं. फोन कानाला लावून मी थांबले. पाटीवर पेन घासल्याचा आवाज नाही आला. माझे कान चांगले आहेत, डॉक्टरने तपासलेत. आला असता तर ऐकू आला असता.

"बाबा खिडकीबाहेर बघतायत," पुतणी म्हणाली.


गुरुवार, २१ एप्रिल

आज हे पत्र त्याला नोंदणीकृत टपालाने पाठवलं. नक्कल वहीत राहावी म्हणून उतरवते.

प्रति, धाकटा.

आठ मार्चला चार वाजून पस्तीस मिनिटांनी मी वायर लावली, हे मी मान्य करते. नऊ मार्चला माणसाला दारातून परत पाठवलं, हे मान्य करते. दहा मार्चपासून मला तुटलेलं ऐकू येत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, हेही मान्य करते. पस्तीस वर्षांपूर्वी लाइन बिघडली नव्हती. यापेक्षा जास्त मान्य करण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

आता तुझी बाजू. सोबत कागद जोडला आहे. त्यावर तुझं तेवीस मार्चचं बोलणं जेवढं वाचलं तेवढं लिहिलं आहे आणि मध्ये सात रिकाम्या जागा सोडल्या आहेत. शाळेत आपण भरायचो तशा भरायच्या आहेत. सातही जमत नसतील तर फक्त सहावी भर. बावीस सेकंदांची आहे, दोन ओळी पुरतील. जे बोलला होतास तेच लिहायचं. नंतर बदललं असेल तर तेही चालेल, पण वेगळ्या शाईने. मला बरं वाटेल असं काही लिहू नकोस. मला ओळखू येईल.

रविवारी वायरवाला सर्व्हर न्यायला येणार आहे. त्याच्या हाती कागद दे. दार मी स्वतः उघडेन, साखळी काढून ठेवली आहे.

उत्तर लेखी हवं. रविवार, २४ एप्रिल, सायंकाळी सहा वाजेपर्यंत. फार तर सहा चाळीस.